आरिओकार्पस फिसुरॅटस: अतिशय संथ वाढणाऱ्या वाळवंटी निवडुंगाची लागवड कशी करावी

निवडुंगांची आवड लागलेल्या माणसाची नजर कधी ना कधी आरिओकार्पसकडे वळतेच. या झाडाला काटे नसतात, उभे खोड नसते आणि फांद्याही नसतात. राखाडी-हिरव्या, भेगाळलेल्या त्रिकोणी उंचवट्यांची एक चपटी चांदणी जमिनीला टेकून बसलेली असते आणि वर्षातला बहुतेक काळ तिच्यात काहीही बदल जाणवत नाही. शरद ऋतू आला की मध्यावरच्या लोकरीतून गडद गुलाबी फूल वर येते आणि काही दिवसांत मिटून जाते. हे झाड जगवणे कठीण असते असे अनेकदा सांगितले जाते. माझ्या मते ते कठीण नाही, फक्त फार संथ आहे, आणि त्या संथपणाला कंटाळून केलेले उपाय त्याच्या जिवावर बेततात.

पुढे दिलेल्या सगळ्या सूचना एकाच वस्तुस्थितीतून निघतात. आपल्याला दिसतो तो भाग म्हणजे या झाडाचा वरचा लहानसा हिस्सा आहे; पाणी आणि अन्न साठवणारे मुख्य अंग म्हणजे मुळ्यासारखे जाड, मांसल सोटमूळ, आणि ते जमिनीखाली असते. म्हणून माती, कुंडी, पाणी किंवा खत यांबाबत कोणताही निर्णय घेताना ‘याने मुळाचे काय होईल?’ हा प्रश्न आधी विचारावा.

१. आधी झाडाचे मूळ ठिकाण समजून घ्या

आरिओकार्पस फिसुरॅटस हा चिवावा वाळवंटाचा रहिवासी आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, विशेषतः रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या बिग बेंड परिसरात, आणि सीमेपलीकडे मेक्सिकोच्या कोआविला, चिवावा आदी राज्यांत तो आढळतो. १८५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांनी त्याचे वर्णन मॅमिलारिया या प्रजातीतील एक जाती म्हणून केले, आणि १८९४ मध्ये कार्ल शूमान यांनी त्याला आरिओकार्पस प्रजातीत आणले. इंग्रजी भाषक त्याला ‘लिव्हिंग रॉक’ म्हणतात, तर मेक्सिकोत त्याला ‘चाउत्ले’ असेही एक नाव आहे.

चुनखडीच्या टेकड्यांच्या उतारांवर, खडी आणि दगडगोट्यांच्या मधोमध तो वाढतो. तेथे वर्षभरात साधारण २०० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा भाग उन्हाळ्याच्या उत्तरार्धात काही जोरदार सरींच्या रूपात येतो. हिवाळा कोरडा आणि थंड असतो. रात्री पारा शून्याखालीही जातो. दीर्घ अवर्षणात सोटमूळ आकसते आणि झाडाला अक्षरशः खाली ओढून घेते, त्यामुळे ते मातीच्या पातळीत जाते, कधी कधी धुळीने पूर्ण झाकले जाते आणि कडक उन्हापासून वाचते. पाऊस पडला की मूळ फुगते आणि चांदणी पुन्हा वर येते.

यातून लागवडीच्या तीन गोष्टी लगेच निश्चित होतात. पाणी वाढीच्या काळात द्यायचे आणि थंडीत अजिबात द्यायचे नाही. पाणी आले तर ते भरपूर यावे, पण मुळाभोवती साचून राहू नये. आणि कुंडी उथळ असून चालणार नाही. एवढे मनात पक्के असेल तर बाकीचे तपशील आपोआप जागी बसतात.

२. झाड किंवा बी घेताना कागदपत्रे पाहा

नवख्या माणसाने हा टप्पा वगळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संकटग्रस्त वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आरिओकार्पसच्या सर्व जाती आहेत. हा करार १ जुलै १९७५ रोजी अमलात आला. परिशिष्ट एकमधील रानटी वनस्पतींचा व्यापारी हेतूने देशाबाहेर व्यवहार करता येत नाही, आणि या परिशिष्टातील निवडुंगांच्या बाबतीत बियासुद्धा त्याच नियमाखाली येतात. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेल्या झाडांना मात्र करारात सवलत आहे. योग्य परवाना असेल तर ती सीमा ओलांडू शकतात. मेक्सिकोने या झाडांना स्वतःच्या संरक्षित वनस्पतींच्या यादीतही स्थान दिले आहे.

परदेशातून मागवणार असाल तर पुढील कागद आधी पाहा:

– निर्यात करणाऱ्या देशाने दिलेला साईट्सचा परवाना, ज्यावर झाड ‘कृत्रिमरीत्या वाढवलेले’ असल्याचा उल्लेख आहे
– झाड रोगमुक्त असल्याचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र
– आपल्या देशाच्या आयात नियमांनुसार लागणारी पूर्वपरवानगी
– रोपवाटिकेची पावती, त्यावर जातीचे पूर्ण नाव आणि शक्य असल्यास पेरणीचे वर्ष

‘कागदांची काळजी करू नका, पाकिटावर दुसरेच काहीतरी लिहून पाठवतो’ असे कोणी म्हटले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. पश्चिम टेक्सासमधून ही झाडे उकरून चोरट्या मार्गाने परदेशी पाठवण्याचे प्रकार झाले आहेत आणि त्यावर तेथे खटलेही चालले आहेत. बशीएवढे मोठे होण्यासाठी ज्या झाडाला दशके लागतात, त्याची एक टेकडी एकदा रिकामी झाली की ती आपल्या हयातीत पुन्हा भरत नाही.

रानातून काढलेले झाड ओळखण्याच्या काही खुणा आहेत. अशा झाडाचे उंचवटे खालच्या बाजूला झिजलेले, करडे आणि ठिकठिकाणी खरचटलेले असतात. लोकरीत किंवा खाचांत मूळ जागेची माती आणि बारीक खडे अडकलेले दिसतात. सोटमूळ बहुधा मध्येच तुटलेले असते. एकाच विक्रेत्याकडची सगळी झाडे मोठी आणि वेगवेगळ्या घडणीची असतील, तर संशय अधिक बळावतो. बियांपासून वाढवलेली झाडे एका वयाची, स्वच्छ आणि एकसारख्या घडणीची असतात. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे स्वतःच्याच झाडांचे बी देणाऱ्या लागवडदाराकडून बी घेणे, आणि सुरुवात तेथूनच करावी असे मला वाटते.

३. साहित्य जमवा

– बारीक छिद्रांची आणि मोठ्या छिद्रांची अशा दोन चाळण्या
– प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), भरड वाळू, बारीक खडी किंवा तत्सम खनिज पदार्थ, आणि थोडी चाळलेली पानकुजीची माती किंवा गांडूळखत
– खोल कुंड्या, तळाला पुरेशी छिद्रे असलेल्या
– पेरणीसाठी झाकण असलेला पारदर्शक डबा किंवा बंद करता येणारी प्लास्टिकची पिशवी
– फवारणीची बाटली, चिमटा, बारीक मऊ कुंचला
– गंधकाची पूड
– तापमापक
– न पुसणारी खुणेची पट्टी आणि पेन्सिल

महागडी उपकरणे लागत नाहीत. चाळण्या मात्र खरोखर हव्यात, कारण मिश्रणातली धूळ काढून टाकणे हे या लागवडीतले सर्वांत उपयोगी काम आहे.

४. मिश्रण आणि कुंडी

मिश्रणाबद्दल जितकी माणसे तितकी मते आहेत. माझे मत असे की नेमके कोणते घटक आहेत यापेक्षा कणांचा आकार महत्त्वाचा आहे. दोन ते पाच मिलिमीटर आकाराचे टणक, धूळ काढलेले कण असतील तर त्यांच्यामधून पाणी खाली जाते आणि त्याच्या मागोमाग हवा आत येते. एकूण मिश्रणात सुमारे ८० ते ९० टक्के खनिज पदार्थ आणि उरलेला सेंद्रिय भाग ठेवावा. हवा दमट असेल, पाऊस सलग पडत असेल किंवा पाणी देण्याचा हात सैल असेल, तर सेंद्रिय भाग जवळपास काढूनच टाकावा.

झाड चुनखडीवर वाढते म्हणून मिश्रणात चुन्याची पूड घालावी असा सल्ला वारंवार दिला जातो. पूड मुळीच घालू नये. ती छिद्रे बुजवते आणि ओली झाली की मिश्रण घट्ट बसते. चुनखडीची खडी घातली तर अपाय नाही, पण तिच्यावाचून काही अडतही नाही. किंचित आम्लधर्मी ते उदासीन मिश्रणात ही झाडे उत्तम वाढलेली मी पाहिली आहेत. मूळ ठिकाणच्या दगडाची रासायनिक नक्कल करण्यापेक्षा त्या उतारावरच्या निचऱ्याची नक्कल करावी.

नदीची किंवा समुद्राची बारीक वाळू हा दुसरा सापळा आहे. ती हातात मोकळी वाटते, पण कुंडीत ओली होऊन बसली की तिच्यातून हवा फिरत नाही. समुद्राच्या वाळूत मीठही असते. बारीक चाळणीतून खाली पडलेली प्रत्येक वस्तू बाजूला ठेवावी.

कुंडी निवडताना चांदणीचा व्यास पाहू नये, मुळाची लांबी पाहावी. मूळ सरळ उभे राहील आणि त्याखाली आणखी दोन-तीन बोटे मिश्रण मावेल इतकी खोली हवी. रुंदी झाडापेक्षा थोडीच अधिक असावी. खूप रुंद कुंडीत झाडाने न वापरलेले पाणी बरेच दिवस साचून राहते. मातीची कुंडी लवकर वाळते आणि प्लास्टिकची उशिरा, त्यामुळे दोन्ही चालतात. अट एवढीच की एका रांगेत एकाच प्रकारच्या कुंड्या असाव्यात, म्हणजे पाण्याचा अंदाज चुकत नाही.

लावताना मान, म्हणजे मूळ आणि वरचा भाग जुळतो ती जागा, मिश्रणात पुरू नये. मानेभोवती एक-दोन सेंटिमीटर नुसती भरड खडी भरावी. कूज बहुतेक वेळा येथूनच सुरू होते, आणि खडीचा हा कोरडा थर ती रोखतो. खडीमुळे उंचवट्यांवर मातीही उडत नाही.

५. पेरणी

बी काळे आणि जेमतेम एक-दीड मिलिमीटरचे असते. ताजे बी चांगले उगवते. काही वर्षे नीट कोरडे ठेवलेले बीही उगवते, पण दरवर्षी उगवण कमी होत जाते.

पेरणीचे मिश्रण मोठ्या झाडांच्या मिश्रणापेक्षा बारीक, म्हणजे एक ते दोन मिलिमीटर कणांचे असावे. ते ओले करून वाफेवर अर्धा तास तापवावे आणि झाकूनच थंड होऊ द्यावे, म्हणजे बुरशी, शेवाळ आणि किडींची अंडी यांचा बंदोबस्त होतो. लहान पण खोलगट कुंडीत ते भरून पृष्ठभाग सपाट करावा. बिया वर पसरवाव्यात. पुरू नयेत, कारण उगवण्यासाठी त्यांना उजेड मदत करतो. फार तर दाण्यादाण्यांमध्ये बसतील इतपत हलके दाबावे. कुंडी खालून पाणी शोषून घेईल अशी उथळ पाण्यात ठेवावी, निथळू द्यावी आणि मग डब्यात किंवा पिशवीत बंद करावी.

दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री २० अंशांच्या आसपास तापमान मिळाले, तर पहिले हिरवे ठिपके साधारण आठवड्याभरात दिसू लागतात. उरलेले पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येतात. उजेड भरपूर पण विखुरलेला असावा. बंद डब्यावर थेट ऊन पडले तर आतले तापमान पाहता पाहता वाढते आणि रोपे शिजून जातात. कृत्रिम दिव्याखाली दिवसाचे बारा ते चौदा तास पुरतात.

या काळात डबा पुन्हा पुन्हा उघडून पाहण्याचा मोह आवरावा. उघडताना दरवेळी बाहेरची बुरशी आत जाते. रोपावर किंवा बियांच्या टरफलावर पांढरे तंतू दिसले, तर ते बी चिमट्याने काढून टाकावे, तेवढ्या जागी बुरशीनाशक फवारावे आणि डबा पुन्हा बंद करावा.

६. पहिली दोन-तीन वर्षे

येथे बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

उगवलेले रोप म्हणजे एक हिरवा मणी असतो. काही आठवड्यांनी त्याच्या डोक्यावर बारीक उंचवटे येतात आणि त्यांच्या टोकांवर नाजूक काटेही दिसतात. मोठेपणी काटे नसलेल्या या जातीला बालपणी काटे असतात, त्यामुळे आपण भलतेच बी पेरले असे समजू नये. वर्षभराने रोप काही मिलिमीटरचेच असते. दुसऱ्या वर्षी त्रिकोणी आकार थोडा कळू लागतो. भेगाळलेला, जातीला शोभणारा पृष्ठभाग दिसायला त्याहून अधिक काळ लागतो. बियांपासून स्वतःच्या मुळावर फुलापर्यंत पोहोचायला साधारण आठ ते दहा वर्षे लागतात, आणि त्याहून अधिक लागली तरी ते झाड आजारी आहे असे नाही.

आरिओकार्पसची रोपे इतर निवडुंगांपेक्षा जास्त काळ दमटपणात ठेवावी लागतात. निदान सहा महिने, आणि बुरशी नसेल तर वर्षभरही, झाकण ठेवायला हरकत नाही. बाहेर काढणे मात्र टप्प्याटप्प्याने व्हावे. आधी झाकणाला एक छिद्र, दोन आठवड्यांनी आणखी काही, मग अर्धे झाकण आणि शेवटी पूर्ण उघडे, असा महिना-दीड महिन्याचा क्रम ठेवावा. एका दिवसात झाकण काढून टाकलेली रोपे लालसर होऊन आकसतात आणि अनेकदा सावरत नाहीत.

उघडी केल्यावर पहिल्या दोन वर्षांत मिश्रण पूर्ण कोरडे पडू देऊ नये. वरचा थर वाळला की पाणी द्यावे. मोठ्या झाडाचा नियम रोपाला लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. रोपाचे मूळ अजून दोऱ्याएवढे असते, त्यात साठा नसतो. याच काळात त्या दोऱ्याचे सोटमूळ बनत असते, म्हणून पेरणीची कुंडी खोलगट घ्यायला सांगितले.

रोपे एकमेकांना टेकू लागली की पहिली पुनर्लागवड करावी. ती बहुधा दुसऱ्या वर्षाच्या वसंतात येते. मूळ मोडले तर जखम वाळेपर्यंत चार-पाच दिवस रोप सावलीत कोरडे ठेवून मगच लावावे. एकेका रोपाला स्वतंत्र कुंडी देण्यापेक्षा आठ-दहा रोपे एका खोल कुंडीत लावली तर ओलावा सम राहतो आणि वाढ चांगली होते, असा माझा अनुभव आहे.

खत विरळ द्यावे. नत्र कमी आणि पालाश जास्त असलेले खत, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणाच्या पावपट तीव्रतेने, वाढीच्या काळात दोन-तीन वेळा पुरते. नत्र जास्त झाले की उंचवटे मऊ आणि फुगीर होतात, कधी कधी तडकतात, आणि तडकलेल्या जागी कूज शिरते.

७. मोठ्या झाडाचे पाणी

वसंतात रात्री उबदार झाल्या की पहिले पाणी थोडे द्यावे, केवळ मुळे जागी होण्यापुरते. त्यानंतर प्रत्येक वेळी कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे आणि पुढचे पाणी मिश्रण तळापर्यंत वाळल्यावरच द्यावे. वरची खडी कोरडी दिसते यावर विसंबू नये. कुंडी उचलून वजन पाहावे, किंवा लाकडाची बारीक काडी कडेने तळापर्यंत खुपसून ठेवावी आणि काढून ओल पाहावी.

रात्रीसुद्धा गरम राहणाऱ्या कडक उन्हाळ्यात झाड वाढ थांबवते आणि पाणी जवळपास घेत नाही. तेव्हा हात आवरता घ्यावा. खरी वाढ उन्हाळा उतरल्यावर सुरू होते आणि फूल येईपर्यंत चालते; वर्षातले सर्वांत जास्त पाणी या काळात द्यावे. फुले सुकली की पाणी कमी करत न्यावे आणि थंडीभर पूर्ण बंद ठेवावे. थंडीत चांदणी चपटी होऊन मिश्रणात थोडी खाली गेलेली दिसेल. घाबरून पाणी देऊ नका. हीच तिची विश्रांती आहे.

पाणी कुंडीच्या कडेने द्यावे. मधल्या लोकरीवर ओतले तर लोकर मळते, चिकटते आणि क्षारांनी पिवळी पडते. शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. सलग पावसाचा काळ असेल, तर झाडावर पारदर्शक छत हवे. एखादी सर लागली तर काही बिघडत नाही, पण रोज भिजणाऱ्या कुंडीला वाळण्याची संधीच मिळत नाही आणि मूळ आतून विरघळू लागते. वरून ते फार उशिरा कळते.

८. ऊन, थंडी, वारा

मोठ्या झाडाला भरपूर ऊन लागते, पण कडक उन्हाळ्याच्या दुपारी तीस ते पन्नास टक्के सावलीची जाळी हवी. निसर्गात त्याचे मूळ जमिनीच्या आत गार असते. कुंडीत मात्र चहूबाजूंनी तापते. थंडीनंतर झाड एकदम उन्हात नेले तर उंचवट्यांवर फिकट, कायमचे चट्टे पडतात. उन्हात आलेला तपकिरी-जांभळा रंग हा दोष नाही. उंचवटे वर उचलले जाऊन हिरवे आणि लांबट होत असतील, तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. पूर्ण कोरडे झाड पाणी गोठवणारी हलकी थंडी सोसते, ओले सोसत नाही. वारा खेळता असावा.

९. उघड्या मुळाचे झाड हाती आल्यास

रोपवाटिकेतून मोठी झाडे बहुधा माती काढून पाठवली जातात. आल्याबरोबर लावून पाणी घालणे हा त्यांना मारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आधी मूळ तपासावे. मऊ, तपकिरी किंवा दुर्गंधी येणारा भाग स्वच्छ धारदार पात्याने, पांढरे निरोगी गर दिसेपर्यंत कापावा. कापलेल्या जागेतून चिकट द्रव येतो; ते साहजिक आहे. त्यावर गंधकाची पूड लावून झाड सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. लहान जखम आठवड्यात वाळते. अंगठ्याएवढी रुंद असेल तर तीन-चार आठवडेही द्यावेत. या झाडाला तेवढा उपवास काहीच नाही.

मग कोरड्या मिश्रणात लावून आणखी आठवडाभर थांबावे आणि नंतर कडेने थोडे पाणी द्यावे. नवी मुळे फुटेपर्यंत थेट ऊन देऊ नये. झाड हलवून रुजले का ते पाहू नये. उंचवटे भरल्यासारखे टणक झाले की समजावे.

पुनर्लागवड एरवी तीन-चार वर्षांतून एकदा पुरते. प्लास्टिकची कुंडी फुगलेली दिसली किंवा मूळ झाडाला वर ढकलू लागले, तर वेळ झाली.

१०. कलम करावे का?

पेरेस्किओप्सिस या झपाट्याने वाढणाऱ्या निवडुंगावर काही आठवड्यांचे रोप बांधले, तर ते इतके लवकर वाढते की तीन-चार वर्षांत फूल दिसू शकते. ही पद्धत खरी आहे आणि बी तयार करणाऱ्यांसाठी तिचे मोल मोठे आहे. तरीही पहिल्याच झाडाला कलम करू नये असे मी सांगेन. कलमावर झाड फुगीर आणि उंच होते, चपटेपणा जातो. पुढे ते खुंटावरून, म्हणजे ज्यावर बांधले त्या झाडावरून, काढून रुजवले तरी बियांपासून येते तसे सोटमूळ त्याला मिळत नाही. जे अंग घडायला इतकी वर्षे लागतात, तेच आपण वगळलेले असते.

एका प्रसंगी मात्र कलम अनमोल ठरते. मूळ पूर्ण कुजले आणि वरचा गाभा निरोगी राहिला, तर तो कापून टणक खुंटावर बांधल्यास झाड वाचू शकते. त्यासाठी एखाद-दुसरा खुंट संग्रहात कायम वाढवत ठेवावा.

११. कीड आणि कूज

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. वरचे लोकरीत लपतात, आणि पांढऱ्या लोकरीत पांढरी कीड सहज दिसत नाही. लोकर महिन्यातून एकदा भिंगाखाली पाहावी. मुळांवरचे त्याहून वाईट, कारण पुनर्लागवडीपर्यंत ते कळत नाहीत. कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पिठासारखी पूड दिसली तर मूळ धुऊन, वाळवून, नव्या मिश्रणात लावावे आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाने शोषून अंगभर पोहोचवायचे, कीटकनाशक वाढीच्या काळातच द्यावे; झोपलेले झाड ते शोषत नाही. नवे झाड किमान दोन महिने इतरांपासून वेगळे ठेवावे.

रोपांना धोका असतो तो ओल्या मातीत वाढणाऱ्या बारीक माश्यांच्या अळ्यांचा. त्या कोवळे मूळ आणि खोड पोखरतात. पिवळे चिकट कागद लावल्यास माश्या आहेत हे लवकर कळते. गाभ्याजवळ गंजासारखी खरबरीत पट्टी दिसली तर लाल कोळ्यांचा संशय घ्यावा.

उंचवटे एका बाजूने निस्तेज, मऊ झाले तर वाट पाहू नये. झाड उपटून मान कापून पाहावी. एक दिवसाचा उशीरही कलमासाठी उरलेला निरोगी भाग घालवतो.

१२. फूल, परागीभवन आणि आपले बी

फूल तीन ते पाच सेंटिमीटर रुंद असते, दिवसा उमलते आणि काही दिवस टिकते. हे झाड स्वतःच्या परागाने बी धरत नाही. म्हणून वेगवेगळ्या बियांपासून आलेली निदान दोन झाडे एकाच वेळी फुललेली हवीत. कोरड्या कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या पसरलेल्या वर्तिकाग्रावर, म्हणजे फुलाच्या मधोमध असलेल्या पराग धरणाऱ्या टोकावर, ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा ठेवावेत. जवळ आरिओकार्पसची दुसरी जाती, उदाहरणार्थ रेट्यूसस किंवा कोट्शौबेयानस, फुलली असेल तर कुंचला बदलावा, कारण या जातींचे परस्परांत संकर होतात आणि शुद्ध बी म्हणून पुढे दिलेले संकरित बी पुढच्या माणसाची दहा वर्षे घेते.

फळ लोकरीतच लपून पिकते आणि तिथेच वाळते. त्यामुळे फळ धरले नाही असे समजून निराश होऊ नये. पुढच्या वसंतात लोकर चिमट्याने हलकेच बाजूला केली की वाळलेले फळ किंवा सुट्या काळ्या बिया सापडतात. काही वेळा त्या आणखी वर्षभर आतच राहतात. बिया कागदावर काढून गर स्वच्छ करावा, आठवडाभर सावलीत वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर दोन्ही पालक झाडांचे क्रमांक, त्यांच्या बियांचे मूळ ठिकाण माहीत असल्यास ते, आणि गोळा केल्याची तारीख लिहावी. कुंडीतल्या पट्टीवरही हेच पेन्सिलने लिहावे. शाई उन्हात उडून जाते आणि पेन्सिल राहते.